ओल्या तोंडातला डिंक

१९५०च्या सुमारास अमेरिकेत एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे दात वाकडे असले आणि आईवडिलांना खर्च झेपणारा असला, तर तिच्या उपचाराची सुरुवात पितळेच्या तारेने व्हायची. ही तार दात सरळ करणारी नव्हे. ती दोन दातांच्या मधून ओवायची, टोकं एकत्र घेऊन पीळ द्यायचा, उरलेला तुकडा कापायचा आणि बोचू नये म्हणून हिरडीच्या अंगाला दाबून ठेवायचा. असं एकेका फटीत. पुढचे काही दिवस त्या मुलीला पावाचा घास चावतानाही कळ यायची, कारण पीळ दिलेली तार दातांना एकमेकांपासून रेटत असे. एवढा त्रास कशासाठी, तर नुसती जागा करण्यासाठी. प्रत्येक दाताभोवती धातूचं एक कडं चढवायचं असे, आणि एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या दातांमधून ते खाली उतरत नसे.

त्या कड्याला बँड म्हणतात. पुढच्या दातांसाठी त्याची पट्टी साधारण तीन हजारांश इंच जाडीची असायची, म्हणजे ०.०८ मिलिमीटरच्या आत. आकडा क्षुल्लक वाटतो. पण प्रत्येक फटीत शेजारच्या दोन दातांचे दोन बँड येतात, आणि एका जबड्यातल्या सगळ्या फटी मोजल्या तर दीड-पावणेदोन मिलिमीटर जागा निव्वळ धातू खातो. आधीच दाटीवाटीने उभ्या असलेल्या रांगेत ही भर. डॉक्टरांचं कामही जिकिरीचं. पट्टी दाताभोवती वळवायची, पकडीने आवळून दाताचा आकार घ्यायचा, काढून सांधा वेल्ड करायचा, कडा हिरडीच्या वळणाबरहुकूम कापून घासायच्या, पुन्हा चढवून बघायचं, दर्शनी अंगावर तार धरणारा ब्रॅकेट वेल्ड करायचा आणि शेवटी सिमेंट भरून कडं दाबून बसवायचं. हे चोवीस-चोवीस दातांना. तयार मापाचे बँड बाजारात आल्यावर यातली काही मेहनत वाचली, तरी माप जुळवण्यात आणि बसवण्यात भेटीमागून भेटी जातच राहिल्या.

दीड-दोन वर्षांनी कडी निघायची तेव्हा दात सरळ झालेले असायचे, पण विरळही. धातूने खाल्लेली जागा आता मोकळी पडलेली असायची आणि त्या फटी मिटवायला उपचार आणखी लांबायचा. त्याहून वाईट गोष्ट कधीकधी कड्याखाली दडलेली असे. सिमेंट कुठेतरी विरघळून पाझरून गेलेलं, त्या पोकळीत अन्न आणि जंतू शिरलेले, आणि बाहेरून काहीच न दिसता आत दाताचा रंग पांढुरका, मग तपकिरी झालेला. देखणे व्हावेत म्हणून ज्या दातांना दोन वर्षं छळलं, त्यांच्यावरच कायमचा डाग. आईवडिलांना हे आरशासमोर उभं राहून समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांच्या मनाला काय वाटत असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

आपल्याकडे या सगळ्या प्रकाराला सरसकट ‘तारा लावणं’ म्हणतात, त्यामुळे ब्रॅकेटकडे आपलं लक्ष जात नाही. खरं काम मात्र तिथेच होतं. ब्रॅकेट म्हणजे दाताच्या दर्शनी अंगावरचा तो छोटा चौकोनी ठोकळा. त्यात आडवी खाच असते, खाचेत तार बसते, तार मूळच्या आकारात परत यायला बघते आणि दाताला सोबत ओढते. एडवर्ड अँगल या अमेरिकन डॉक्टरांनी, ज्यांना दात सरळ करण्याच्या शास्त्राचे जनक मानतात, १९२०च्या दशकात चौकोनी तारेसाठी अशी खाच तयार केली. मापं ०.०२२ बाय ०.०२८ इंच. ही मापं आजही जगभर वापरात आहेत. चौकोनी तार चौकोनी खाचेत बसली की दाताचा मुकुटच काय, मूळसुद्धा हवं तिकडे वळवता येतं. अँगल १९३० साली वारले. त्यांची खाच तेवढी अचूक होती, पण ती दातावर टिकवायला त्यांच्याकडेही कड्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. खडा मिरवण्यासाठी अख्खी अंगठी घडवावी लागते, तशी ब्रॅकेटपुरती ही सगळी कडी होती.

कड्याची ही परंपरा जुनी. पेनसिल्व्हेनियातले विल्यम मॅगिल यांनी १८७१ साली दाताभोवती बँड सिमेंटने बसवले, असं या शास्त्राचे इतिहासकार सांगतात. तेव्हापासून पुढची ऐंशी-नव्वद वर्षं सिमेंटं बदलली, सोन्याच्या जागी स्टेनलेस स्टील आलं, पण मूळ कल्पना तीच राहिली. दंतवैद्यकातलं झिंक फॉस्फेट सिमेंट हे नावाला सिमेंट. ते दाताला चिकटत नाही. घट्ट बसलेल्या कड्याच्या आणि दाताच्या मधली जागा ते भरतं आणि कडं हलू देत नाही, इतकंच. सपाट ठोकळा त्या सिमेंटने दातावर टेकवला तर पहिल्या घासालाच गळून पडेल.

मग सरळ डिंकाने का चिकटवत नव्हते?

तोंडाचा विचार केला की उत्तर मिळतं. दातावरचं इनॅमल हे शरीरातलं सर्वांत कठीण द्रव्य. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पृष्ठभाग गुळगुळीत, आणि त्यावर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर सतत बसलेला. दात घासून लख्ख केला तरी काही मिनिटांत तो थर पुन्हा येतो. कुठलाही गोंद चिकटायचा तर आधी त्याने पृष्ठभागाला भिजवावं लागतं, आणि इथे तर पृष्ठभाग आधीच दुसऱ्या कशानेतरी भिजलेला. शिवाय घटकेत आइसक्रीम, घटकेत गरम कॉफी; दिवसभर चावणं, रात्री दात खाणं; आणि चोवीस तास ओल. सुताराच्या कामातला किंवा कारखान्यातला कुठलाही गोंद घ्या, त्याच्या डब्यावर पहिली सूचना हीच असते की पृष्ठभाग कोरडा हवा. तोंड कधीच कोरडं नसतं. या सगळ्या हकिकतीत लाळ हाच शत्रू होता, आणि ज्यांनी ज्यांनी ब्रॅकेट थेट चिकटवण्याचा ध्यास घेतला त्यांची लढाई मुख्यतः तिच्याशी झाली.

१९५८ साली सॅडलर नावाच्या संशोधकांनी बाजारात मिळणारे चिकट पदार्थ घेऊन पद्धतशीर तपासणी केली. दंतवैद्यकातली सिमेंटं, रबरी गोंद, धातू जोडायचे गोंद असं सगळं. ब्रॅकेट दातावर धरून ठेवील असं त्यांत एकही निघालं नाही. हा निष्कर्ष त्यांनी या शाखेच्या अमेरिकन मासिकात छापला. वाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की कुलपाची किल्ली तीन वर्षांपूर्वीच दुसऱ्या एका नियतकालिकात छापून झाली होती?

ती किल्ली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात सापडली. कोडॅक कॅमेऱ्याचे जॉर्ज ईस्टमन यांनी तिथे मुलांच्या दातांसाठी एक मोठा दवाखाना उभारला होता, ईस्टमन डेंटल डिस्पेन्सरी. १९१७ पासून तो चालू होता. तिथे मायकेल बुओनोकोर संशोधन करत. त्यांच्यासमोरचा प्रश्न तारांचा नव्हताच, दात भरण्याचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास अ‍ॅक्रिलिकचं दातासारख्या रंगाचं भरण आलं होतं. दिसायला छान, पण घट्ट होताना ते आकसायचं, कडेला फट पडायची, फटीतून लाळ शिरायची आणि भरलेला दात पुन्हा किडायचा. भरण दाताला चिकटलं तरच हे थांबणार होतं.

बुओनोकोर यांना धागा मिळाला तो कारखान्यातून. पत्र्याला रंग किंवा रेझिनचा लेप द्यायच्या आधी तो फॉस्फोरिक आम्लाने धुतात, मग लेप जास्त चांगला धरतो, हे त्यांना माहीत होतं. आपल्याला हे समजायला कारखान्यात जायला नको. दारोदार फिरणारा कल्हईवाला आठवा. भांडं तापवून तो आधी नवसागराची पूड टाकून पुसून घ्यायचा, पांढरा धूर निघायचा, आणि मगच कथील फिरवायचा. नवसागराशिवाय कथील तांब्यावर थेंब होऊन पळतं. बुओनोकोर यांनी विचार केला, दाताला असं काही करता येईल का?

१९५५ साली ‘जर्नल ऑफ डेंटल रिसर्च’मध्ये त्यांनी पाचच पानांचा लेख लिहिला. प्रयोग इतका साधा की वाचताना आश्चर्य वाटतं. स्वयंसेवकांच्या पटाशीच्या दातांवर ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल तीस सेकंद लावायचं, पाण्याने धुवायचं, सुकवायचं, आणि वर अ‍ॅक्रिलिकचा एक थेंब ठेवायचा. शेजारी आम्ल न लावलेल्या दातावर तसाच थेंब. मग त्या माणसांनी नेहमीसारखं खायचं-प्यायचं आणि थेंब कधी पडतो याची नोंद ठेवायची. आम्ल न लावलेल्या दातावरचा थेंब सरासरी अर्धा दिवसही टिकला नाही. आम्ल लावलेल्या दातावरचा सरासरी हजार तासांहून जास्त टिकला. म्हणजे चाळीस दिवसांच्या वर, भर तोंडात, लाळेत, जेवणात.

असं का होतं हे त्यांना तेव्हा नेमकं सांगता आलं नाही. त्यांनी काही शक्यता मांडल्या, त्यांतल्या काही पुढे टिकल्या आणि काही गळाल्या. खरं चित्र १९६७-६८च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. जॉन ग्विनेट, मात्सुई आणि स्वतः बुओनोकोर यांनी ते पाहिलं. इनॅमल हे सलग काचेसारखं नसतं; साधारण पाच मायक्रॉन जाडीच्या लक्षावधी दांड्या एकमेकींना लागून उभ्या रचाव्यात तशी त्याची घडण असते. आम्ल पृष्ठभागाचा दहाएक मायक्रॉनचा थर विरघळवून टाकतं आणि त्याखाली दांड्यांची टोकं, त्यांच्या कडा कमीजास्त प्रमाणात कुरतडतं. पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांनी भरून जातो. त्यात अ‍ॅक्रिलिकसारखं पातळ रेझिन केशाकर्षणाने उतरतं आणि तिथेच घट्ट होतं. रेझिनची हजारो बोटं दातात रुतून बसतात. गवंडी काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीवर गिलावा करण्यापूर्वी टाचे मारतो, त्याचीच ही अतिसूक्ष्म आवृत्ती. इथे डिंकाची जादू काही नाही. पकड आहे.

माझ्या पुतणीला ब्रॅकेट लावले तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर बसून होतो. गालांत प्लॅस्टिकची चौकट, ओठ मागे ओढलेले, लाळ ओढून घेणारी नळी जिभेखाली गुरगुरतेय. डॉक्टरांनी सिरिंजमधून निळ्या जेलचा एकेक ठिपका दातांवर ठेवला. अर्ध्या मिनिटाने पाण्याचा फवारा मारून धुतला आणि हवेचा झोत सोडला. पाणी उडालं आणि प्रत्येक दाताच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका उमटला. चकाकी गेलेली, खडू फिरवल्यासारखा. डॉक्टरांनी तो पांढरेपणा दिसेपर्यंत वाट बघितली आणि एका दातावर तो नीट आला नाही तेव्हा तिथे पुन्हा जेल लावलं. “हा खडू दिसला नाही तर ब्रॅकेट राहणार नाही,” असं ते तिला म्हणाले. बुओनोकोर यांच्या त्या पाच पानांचा सगळा अर्थ त्या पांढऱ्या ठिपक्यात होता.

हा शोध लागला, छापला गेला, आणि तरी जवळजवळ दहा वर्षं तो पडून राहिला म्हटलं तर चालेल. त्याचं एक कारण मला फार माणसाचं वाटतं. दंतवैद्यकाच्या पहिल्याच धड्यात शिकवतात की जंतूंनी तयार केलेल्या आम्लाने दात किडतो. आयुष्यभर आम्लाशी भांडणाऱ्या माणसांना कुणीतरी सांगत होतं की ८५ टक्के आम्ल हातात घ्या आणि चांगल्या, निरोगी, कोवळ्या दातावर चोपडा. हात मागे येणारच. आम्लाने नेलेला थर केसाच्या जाडीचा लहानसा अंश आहे, दर्शनी इनॅमल जवळपास मिलिमीटरभर जाड असतं, आणि रेझिनखाली न झाकलेला कुरतडलेला भाग लाळेतल्या खनिजांनी हळूहळू भरून येतो, हे पटायला पुरावा साठावा लागला. पुढे १९७०च्या दशकात लिऑन सिल्व्हरस्टोन यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. आम्ल जितकं तीव्र तितकं काम चांगलं, असं नसतं. फार तीव्र आम्लात पृष्ठभागावरच क्षाराचा थर जमतो आणि तोच पुढचं काम अडवतो. ३० ते ५० टक्के आम्लाने सर्वांत एकसारखी छिद्रं पडतात. आज वापरतात ते साधारण ३७ टक्के.

दुसरं कारण रेझिनचं. टाचे मारले तरी गिलावा चांगला हवा, आणि अ‍ॅक्रिलिक आकसतं, झिजतं, ओलीने फुगतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणारे राफेल बोवेन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून या अडचणीवर काम केलं. त्यांना इपॉक्सीची ताकद हवी होती, पण इपॉक्सी तोंडात घट्ट व्हायला फार वेळ घेते. म्हणून त्यांनी इपॉक्सीच्या रेणूची घडण घेऊन टोकांना अ‍ॅक्रिलिकसारखे झटपट जुळणारे गट बसवले, आणि त्या रेझिनमध्ये सिलिकाची बारीक पूड, विशिष्ट लेप देऊन, मिसळली. १९६२ साली या रेझिनचं पेटंट मिळालं. त्याला बिस-जीएमए म्हणतात. आज दातात भरतात ते पांढरं कॉम्पोझिट आणि ब्रॅकेटखालचं मिश्रण, दोन्ही याच कुळातले.

आता आम्ल होतं आणि रेझिनही येत होतं. पण हे दोघे दात भरणाऱ्यांच्या वाड्यातले. तारा लावणाऱ्यांच्या वाड्यात त्यांना घेऊन आले जॉर्ज न्यूमन. न्यू जर्सीतल्या ऑरेंज नावाच्या गावी त्यांचा तारा लावण्याचा व्यवसाय होता. बुओनोकोर यांचं काम वाचून त्यांनी तर्क केला की अ‍ॅक्रिलिकचा थेंब राहतो, तर त्या जागी ब्रॅकेट का राहू नये? १९६४ साली त्यांनी आपल्या राज्याच्या दंतवैद्यक मासिकात आणि १९६५ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ ऑर्थोडॉन्टिक्स’मध्ये इपॉक्सीने ब्रॅकेट चिकटवण्याचे आपले अनुभव मांडले. दुसऱ्या लेखाच्या नावातच त्यांनी ‘प्रगतीचा अहवाल’ असं म्हटलं आहे. काम पुरं झालं असा दावा त्यात नाही, आणि मला हा प्रामाणिकपणा आवडतो. त्यांनी आम्ल ४० टक्क्यांवर आणलं, साठ सेकंद ठेवलं, आणि ब्रॅकेट घेतले ते प्लॅस्टिकचे, पॉलिकार्बोनेटचे. धातूच्या गुळगुळीत तळाला रेझिन धरत नव्हतं. प्लॅस्टिकशी मात्र जमत होतं. शिवाय ते ब्रॅकेट पारदर्शक, दातावर जेमतेम दिसणारे.

बारकाईने पाहिलं तर न्यूमन यांनी एक नवा प्रश्नही ओढवून घेतला होता. दात भरणाऱ्याला भरण जन्मभर टिकायला हवं असतं. तारा लावणाऱ्याला ब्रॅकेट दोन वर्षं टिकायला हवा, आणि शेवटच्या दिवशी दाताचा कणही न घेता सुटायला हवा. जास्त घट्ट चिकटणं हाही इथे दोषच. किती घट्ट असावं याचा आकडा इंग्लंडमधल्या रेनॉल्ड्स यांनी १९७५ साली सुचवला, दर चौरस सेंटिमीटरला ६० ते ८० किलो. ब्रॅकेटचा तळ जेमतेम दहा-बारा चौरस मिलिमीटर भरतो. म्हणजे हिशेबाने एकेका ब्रॅकेटने सहा ते साडेनऊ किलोचा ओढा सोसायला हवा. या विषयावरच्या शोधनिबंधांत रेनॉल्ड्स यांचा तो आकडा आजही दिसतो.

१९६५ नंतरच्या पाच-सात वर्षांत जगात ठिकठिकाणी माणसं एकाच कोड्याशी झटत होती. मँचेस्टरचे डेनिस स्मिथ यांनी १९६८ साली झिंक पॉलिकार्बोक्सिलेट सिमेंट काढलं. ते दातातल्या कॅल्शियमला खरोखर रासायनिकरीत्या धरतं, आम्लाची गरज नाही. मिझराही यांच्यासोबत त्यांनी त्याने ब्रॅकेट चिकटवून बघितले. ताकद मात्र पुरेना. जोहान्सबर्गला रेटीफ आणि सहकाऱ्यांनी १९७० साली इपॉक्सीची स्वतःची पद्धत मांडली.

सर्वांत मोठं पाऊल टोकियोत पडलं. टोकियो मेडिकल अँड डेंटल युनिव्हर्सिटीतले फुजिओ मिउरा तारांचे डॉक्टर होते आणि एइची मासुहारा रेझिनचे जाणकार. मासुहारांनी ट्राय-ब्युटिल-बोरेन या उत्प्रेरकावर काम केलं होतं. बाकीची रेझिनं ओल लागली की बिघडायची. याला ओलीचं वावडं नव्हतं. जो शत्रू सगळ्यांना छळत होता त्याच्याशी जुळवून घेणारा पदार्थ त्यांनी शोधला, आणि मिउरा, नाकागावा व मासुहारा या तिघांनी १९७१ साली प्लॅस्टिक ब्रॅकेटसाठी तयार केलेली पद्धत अमेरिकन मासिकात प्रसिद्ध केली. ऑर्थोमाइट या नावाने ते मिश्रण बाजारात आलं.

त्यातही प्लॅस्टिकचं दुखणं राहिलंच. अँगलच्या चौकोनी तारेने मूळ वळवायला पीळ दिला की पॉलिकार्बोनेटची खाच हळूहळू रुंदावायची, आणि तारेची सगळी मेहनत त्या सैल खाचेत वाया जायची. चहा-कॉफीने ब्रॅकेट पिवळे पडायचे. शेवटी सगळे पुन्हा धातूकडे वळले, पण आता तळ बदलून. आधी तळाच्या पत्र्याला भोकं पाडून बघितली, रेझिन भोकांतून वर येऊन अडकेल म्हणून. पण उघड्या राहिलेल्या रेझिनवर डाग पडायचे. मग तळावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी वेल्ड केली. रेझिन जाळीच्या वळणांखाली शिरतं आणि तिथे घट्ट होतं. दाताच्या बाजूला आम्लाने पाडलेली छिद्रं, ब्रॅकेटच्या बाजूला जाळी, मध्ये रेझिन. दोन्ही बाजूंना पकड एकाच तत्त्वाची. जुना ब्रॅकेट सुटून हातात आला तर भिंगाखाली ही जाळी जरूर पाहावी. डासांच्या जाळीपेक्षा कितीतरी बारीक, आणि तिच्या चौकटींत अजून रेझिनचे पांढरे कण अडकलेले असतात.

१९७२ साली सिल्व्हरमन, कोहेन आणि सहकाऱ्यांनी वेगळीच युक्ती मांडली. दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करायचा, ब्रॅकेट त्यावर निवांत, नेमक्या जागी बसवायचे, वर मऊ साचा ओतून ते सगळे एकदम उचलायचे आणि तोंडात नेऊन एका दमात चिकटवायचे. लाळेशी भांडायला मिळणारी मिनिटं मोजकीच. ती वाचवणारी ही कल्पना. त्याच सुमारास अल्ट्राव्हायोलेट दिव्याने घट्ट होणारी रेझिनंही आली. ब्रॅकेट हवा तिथे सरकवत बसा, मनासारखा झाला की दिवा लावा. आज त्या दिव्याची जागा निळ्या प्रकाशाने घेतली आहे.

दवाखान्यात हे खरंच चालतं का, हे ऑस्लोच्या ब्यॉर्न झाखरिसन यांनी १९७७ साली दाखवलं. प्रयोगशाळेत उपटलेल्या दातांवर ताकद मोजणं वेगळं आणि मुलांच्या तोंडात उपचार संपेपर्यंत ब्रॅकेट टिकवणं वेगळं. त्यांनी धातूचे जाळीचे ब्रॅकेट पूर्ण उपचारभर वापरून, काढून, नंतर दात कसे दिसतात ते तपासलं. किती सुटले, कुठल्या दातांवरचे सुटले, हिरड्यांचं काय झालं, काढताना इनॅमलवर काय ओरखडे आले, रेझिनचा उरलेला थर कशाने खरवडावा. ज्या कामाचं फारसं कौतुक होत नाही ते त्यांनी वर्षानुवर्षं केलं, आणि या विषयाचं पुढचं शहाणपण बरंचसं त्यांच्या नोंदींवर उभं आहे.

१९७९ साली लेनर्ड गोरेलिक यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांची पाहणी केली तेव्हा दहातले नऊहून अधिक जण ब्रॅकेट चिकटवत होते. मॅगिलपासून शंभर वर्षं चाललेली कडी दहा-बारा वर्षांत पुढच्या दातांवरून उतरली. मागच्या दाढांवर मात्र ती रेंगाळली, कारण तिथे चावण्याचा जोर जास्त आणि कोरडं ठेवणं अवघड. पितळेच्या तारा, दुखणाऱ्या फटी, भेटीमागून भेटी, पुष्कळसं गेलं. तोंड धातूने भरणार नाही म्हटल्यावर प्रौढ माणसंही यायला लागली. अमेरिकेत क्रेव्हन कर्झ आणि जपानमध्ये किन्या फुजिता यांनी तर ब्रॅकेट दाताच्या मागच्या, जिभेच्या बाजूला चिकटवले. चिकटवण्याची सोय नसती तर हे सुचलं तरी जमलं नसतं.

सगळं सुटलं होतं का? १९८२ साली गोरेलिक, गायगर आणि ग्विनेट यांनी उपचार संपलेल्या मुलांचे दात तपासले. ग्विनेट तेच, ज्यांनी रेझिनची बोटं इनॅमलमध्ये रुतलेली पाहिली होती. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या किमान एका तरी दातावर पांढरा डाग पडला होता. आम्लाच्या त्या काही सेकंदांमुळे नव्हे. ब्रॅकेटच्या कडेला किटण साठतं, ते नीट घासलं जात नाही, आणि जंतूंचं आम्ल महिनोन् महिने तिथे काम करतं. सर्वांत जास्त डाग वरच्या पटाशीच्या दातांवर होते, त्यातही मधल्या दोघांच्या शेजारच्यांवर.

एका जागी मात्र डाग सापडलेच नाहीत. दात सरळ झाल्यावर ते पुन्हा वाकू नयेत म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या अंगाला, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, एक तार चिकटवून ठेवतात. ती दीर्घकाळ तिथे राहिलेली होती, तिच्याभोवती घासणंही सोपं नसतं, आणि तरी ते दात स्वच्छ निघाले. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं त्या दातांच्या अगदी मागेच उघडतात. ती जागा दिवसरात्र लाळेत भिजलेली असते.